नाशिकमध्ये आईसाठी केअर होम: आत गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

रानजाई
आई ७९ वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे आणि डिमेन्शियाचा पहिला टप्पा असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. ब्युरोच्या बायका टिकत नाहीत, म्हणून आता केअर होम बघायचंय. गंगापूर रोड, म्हसरूळ-मखमलाबाद आणि पाथर्डी फाटा या पट्ट्यात. फोनवर सगळेच "घरच्यासारखी काळजी", "२४ तास नर्स", "डॉक्टर ऑन कॉल" असं सांगतात. नावं सुचवू नका, ती माझ्याकडे आहेत. आत गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं आणि कशावरून ओळखायचं की इथे नको, एवढं सांगा.

वॉर्ड_नंबर_सात
ताई, "२४ तास नर्स" इथूनच सुरुवात करा, सगळ्यात जास्त थापा तिथेच असतात. ॲप्रन घातलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, ती दाखवा म्हणावं. मावशी आणि मामा लोकांचं काम वेगळं. चांगली मावशी मिळाली तर अर्धं दुखणं तिथेच संपतं, पण शुगर २८० आली तर किती युनिट द्यायचं हे तिने ठरवायचं नसतं.

मग हा प्रश्न विचारा: रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसं जागी असतात, त्यात नर्स किती, आणि अंथरुणाला खिळलेले रहिवासी किती? उत्तर आलं की तिथल्या तिथे हिशेब मांडा. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. डायपर बघून, गरज असेल तर बदलून, कूस वळवायला दोन माणसांना दहा मिनिटं लागतात. असे बारा जण असतील तर एक फेरी व्हायलाच दोन तास, म्हणजे ती संपते तोवर पुढची सुरू. रात्री दोनच माणसं असतील तर तुमच्या आईने बाथरूमला जायला बेल वाजवल्यावर कोण येणार? कोणी आलं नाही की ती एकटी उठणार आणि पडणार. रात्रीचं पडणं बहुतेक वेळा बेड ते संडास या दहा पावलांत होतं.

इन्सुलिनचं रजिस्टर मागा. तारीख, वेळ, रीडिंग, युनिट आणि सही असे रकाने हवेत. महिन्याभराची पानं एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेली, सगळी रीडिंग १४०-१५०-१४० अशी गोंडस दिसली तर ती एका बैठकीत लिहिलीत असं समजा. खऱ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड असते, ९२ असतं, ३१० असतं, "जेवली नाही, डॉक्टरांना फोन केला" असा शेरा असतो. फ्रिज उघडून बघा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात हवं, फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. वापरात असलेल्या पेनावर किंवा बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली हवी, कारण बहुतेक इन्सुलिनं उघडल्यावर २८ दिवसच चालतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, तेव्हा पेन खिडकीत पडलेलं दिसलं तर त्यातलं औषध गेलं म्हणून धरा.

जेवणाच्या वेळा याला जोडूनच विचारा. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकी घरी जायचा असतो म्हणून रात्रीचं जेवण सातला उरकतात आणि नाश्ता नऊला देतात. संध्याकाळी इन्सुलिन घेणाऱ्या बाईसाठी चौदा तासांचा उपास म्हणजे पहाटे शुगर कोसळायची शक्यता. साडेनऊला दूध-बिस्किट किंवा असं काही ठरलेलं हवं. अर्धा तास आधी टोचायचं मिक्स इन्सुलिन असेल तर जेवण वाढायला उशीर झाल्यावर काय करतात तेही विचारा. मग मॅनेजरला नाही, ड्युटीवरच्या मावशीला विचारा, "शुगर साठ आली तर?" सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. एवढं तिला न अडखळता सांगता यायला हवं.

बेडसोरबद्दल, म्हणजे एका जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल, सरळ विचारा: आत्ता किती जणांना आहेत आणि त्यातले इथे आल्यावर किती झाले? पंधरा जण खिळलेले आणि "एकालाही नाही" असं उत्तर आलं तर कूस बदलल्याचा तक्ता मागा. एअर मॅट्रेस दिसली की तिचा पंप चालू आहे का बघा. माणूस झोपलेला असताना मॅट्रेसखाली, कंबरेच्या हाडाच्या जागी, तळहात सरकवायला सांगा. हात आणि शरीर यांच्यात इंचभर तरी हवा जाणवायला हवी, नाहीतर ती नुसती प्लास्टिकची चादर. आणि मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायचं सुटत नाही.

झोपेच्या गोळ्यांचं सांगते, हे फार कमी लोक विचारतात. सकाळी अकरा आणि दुपारी चार या वेळांना जा. दोन्ही वेळी हॉलमधले सगळे खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले तर औषधांच्या याद्या बघायला हव्यात. डिमेन्शियाच्या माणसाला गप्प ठेवायला क्वेटियापीन, लोराझेपाम अशा गोळ्या सर्रास दिल्या जातात. क्वेटियापीनच्या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि लोराझेपामने पडायचा. कधी कधी त्या लागतात, नाही म्हणत नाही. पण डॉक्टरांची चिठ्ठी, कारण आणि पुन्हा कधी तपासून कमी करणार याची तारीख हवी, आणि तुम्हाला न सांगता सुरू होता कामा नये.

वजन दर महिन्याला नोंदतात का बघा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची घंटा. पन्नास किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो कमी झालं तर ती जेवत नाहीये किंवा तिला कोणी भरवत नाहीये.

इंदिरानगर_कट्टा
गूगलवरचे रिव्ह्यू बघा, आणि बेडला दोन्ही बाजूंनी रेलिंग आहे ना तेवढं बघा, म्हणजे पडायचा प्रश्नच नाही.

वॉर्ड_नंबर_सात
दादा, रेलिंगचं उलटं होतं. चालता येणारी पण गोंधळलेली बाई रात्री उठते तेव्हा रेलिंग ओलांडायला बघते आणि बेडच्या उंचीवर रेलिंगची उंची मिळवून खाली येते. किंवा फटीत अडकते. रेलिंग ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याच्यासाठी. रानजाईताईंच्या आईला बेडवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील इतका बेड हवा, साधारण दीड फूट, आणि बेडपासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा.

जिना_आणि_जाळी
इमारतीचं मी सांगतो. आपल्याकडची बरीच होम म्हणजे बंगला किंवा रो-हाऊस भाड्याने घेऊन आत बेड टाकलेले. राहण्यासाठी बांधलेलं घर आणि वीस परावलंबी माणसांची इमारत यांत फरक असतो, तो जिन्यात आणि बाथरूममध्ये दिसतो.

आगीचं आधी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. शेवटचा फॉर्म बी मागा. "आमच्याकडे आग विझवायचे सिलिंडर आहेत की" हे त्याचं उत्तर नव्हे. तरीही सिलिंडरच्या घड्याळाचा काटा हिरव्यात आहे का आणि टॅगवर शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख काय, ते बघून घ्या.

पण माणसं ज्वाळांपेक्षा धुराने आणि बंद दाराने जास्त मरतात. डिमेन्शियाचे रहिवासी बाहेर जाऊ नयेत म्हणून रात्री मुख्य दाराला कुलूप लावतात, ते समजण्यासारखं आहे. किल्ली कोणाकडे असते? किल्ल्यांचा एकच जुडगा आणि तो मॅनेजरच्या खोलीत असेल तर ती जागा नको. रात्रपाळीच्या प्रत्येकाच्या कमरेला किल्ली हवी. खिडक्यांना फिक्स जाळी असेल तर प्रत्येक मजल्यावर निदान एक उघडणारी हवी. मग विचारा: रात्री दोनला खाली धूर झाला तर वरच्या मजल्यावरच्यांना कसं उतरवाल? "लिफ्टने" म्हणाले तर विषय संपला. चादरीसकट ओढत जिन्याकडे नेतो, त्याचा सराव अमुक तारखेला केला, असं काही ऐकू यायला हवं. खिळलेले सगळे तळमजल्यावर असतील तर उत्तम.

ऑक्सिजन लावलेल्या खोलीत समई, उदबत्ती, कापूर, मच्छर अगरबत्ती काहीच नको. देव्हारा दुसऱ्या खोलीत हवा. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र), एअर मॅट्रेस आणि गिझर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दिसले तर बोर्डाला हात लावून बघा, गरम लागेल. वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे शॉक लागायच्या वेळी वीज तोडणारा स्विच, आहे का, आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हे त्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर नेमकं काय चालतं हेही विचारा. बऱ्याचदा फक्त दिवे आणि पंखे. कॉन्सन्ट्रेटरवर कोणी असेल तर भरलेलं सिलिंडर लागतं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात, मिनिटाला दोन लिटरच्या धारेने सुमारे बारा तास, पाच लिटरने पाच तास.

बाथरूममध्ये स्वतः कमोडवर बसून उठून बघा. हँडलवर सगळं वजन टाका. टॉवेलची दांडी आणि पकडायचं हँडल यांत फरक असतो, दांडी हातात येते आणि माणूस खाली जातो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कारण आत पडलेला माणूस दाराला आडवा असतो आणि आत उघडणारं दार मग ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता यायला हवी. बेलची दोरी जमिनीवर पडलेल्या हाताला पोचेल इतकी खाली हवी. उंबरा नको.

गरम पाणी: सोलरचं पाणी दुपारी साठ अंशांच्या वर सहज जातं. साठ अंशाला कातडी पाचेक सेकंदांत भाजते, आणि मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्या माणसाला ते कळतही नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, मग थर्मामीटर, आणि अंगावर घ्यायचं पाणी ४३ अंशांच्या वर नको. थर्मामीटर आहे का विचारा. मावशीने कोपर बुडवून बघणं काहीच नसण्यापेक्षा बरं, पण हिवाळ्यात तिचंच कोपर गारठलेलं असतं.

रॅम्पचा चढ एकास बारा हवा. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. त्याहून आखूड म्हणजे फोटोपुरता.

नाशिकपुरतं आणखी दोन गोष्टी. गोदावरी, नासर्डी, वाघाडीच्या जवळची जागा असेल तर ती पूररेषेच्या आत आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात कळतं. गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सुटला की तळमजल्यावरचे बेड हलवावे लागतात, ते कुठे हलवणार विचारा. आणि पंचवटी-तपोवनाच्या बाजूची जागा असेल तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असताना ॲम्ब्युलन्स कशी येणार, याचं उत्तर आत्ताच घ्या.

पोळपाट
जेवण चाखून बघू नका, जेवताना बघा. साडेबाराला जाऊन अर्धा तास डायनिंगमध्ये बसा. ज्याला भरवतात तो सरळ बसलाय का, की आडवा पडून घास घेतोय? आडवं भरवलं की अन्न श्वासनळीत आणि मग न्यूमोनिया. नाकातली नळी असेल तर फीड देताना आणि नंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच हवी. कवळ्या कुठे आहेत? डब्यात राहिल्या असतील तर ताटातली भाकरी परतच जाणार. पाण्याचा तांब्या हाताला लागेल तिथे आहे का? रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करणारी ठिकाणं आहेत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, मग एकदम बडबड-गोंधळ सुरू होतो आणि "डिमेन्शिया वाढला" म्हणून गोळी वाढते. स्वयंपाकघराची एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची) नोंदणी आणि टाकी धुतल्याची तारीख हे दोन मिनिटांचं काम आहे, तेही उरकून घ्या.

कागदवाला
चालवतंय कोण हे आधी कळायला हवं. ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा नोंदणी क्रमांक असतो, तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पडताळता येतो. कंपनी किंवा एकट्या माणसाचं असेल तर पावतीवर कोणाचं नाव येतं ते बघा. "इथे आयसीयूसारखी सोय आहे, सलाइन लावतो, रुग्ण ॲडमिट करतो" असं सांगत असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालचं प्रमाणपत्र मागा. शहरात ते महापालिका देते. त्या दाव्यासोबत प्रमाणपत्र नाही म्हणजे दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी.

"डॉक्टर ऑन कॉल" म्हणजे कोण? नाव, नोंदणी क्रमांक, आणि मागच्या महिन्यात किती वेळा येऊन फाइलमध्ये लिहून गेले ते फाइल उघडून बघा. रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला नेणार, सोबत कोण जाणार, तिथे तुम्ही पोचेपर्यंत सही कोण करणार? १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत काय करायचं हे रात्रपाळीला माहीत हवं.

पैशांबद्दल: महिन्याचा आकडा विचारताना त्यात काय नाही ते विचारा. डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरांची फी, धुणं, ऑक्सिजन, सण असताना जादा आकार. आयकराच्या १२एए किंवा १२एबी कलमाखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण-देखभाल धरून महिना २५,००० रुपयांपर्यंत घेतले तर जीएसटी माफ आहे. बाकीच्यांकडून आकडा करासकट लिहून घ्या. खरी मेख वेगळीच असते: आज "चालता-फिरता" दर, उद्या "बेडरिडन" दर. कोणत्या अवस्थेला कोणता दर आणि ती अवस्था ठरवणार कोण, हे करारात हवं. आई हॉस्पिटलमध्ये असेल त्या दिवसांचे किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, काढून टाकायचं झालं तर नोटीस किती, मृत्यू झाल्यास काय, हे सगळं लेखी.

एटीएम कार्ड, सही केलेले कोरे चेक, दागिने तिथे ठेवू नका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चेहरा ओळखून मोबाइलवरून करता येतो, त्यासाठी होमवाल्यांना कागदपत्रं द्यायची गरज नाही. मिळकत किंवा मृत्युपत्र यांचा विषय होमच्या बाजूने निघाला तर उठून या.

तक्रारीची वेळ आली तर: ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, जिवावरचं असेल तर ११२, सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त. प्रांताधिकाऱ्यांकडचं २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं न्यायाधिकरण मुलांकडून चरितार्थ मिळवण्यासाठी आहे, होमविरुद्धची तक्रार घेऊन तिथे चकरा मारू नका.

रानजाई
खूप उपयोगी. दोन ठिकाणी फोनवर बोलणं झालं. एके ठिकाणी म्हणाले, पहिले पंधरा दिवस भेटायला यायचं नाही, माणूस रुळायला वेळ द्या, मोबाइलवर सीसीटीव्ही दिसेल. दुसरीकडे म्हणाले, काही जणांचे हात रात्री बांधावे लागतात, कॅथेटर (लघवीची नळी) ओढतात म्हणून. हे चालतं का?

वॉर्ड_नंबर_सात
पंधरा दिवस भेटबंदी असेल तर ते होम यादीतून काढा. नवीन जागेत पडणं, जेवण सोडणं, गोळ्यांची अदलाबदल हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतं, आणि तेव्हाच बाहेरचा डोळा नको म्हणतात. भेटी छोट्या ठेवा, निघताना रडारड टाळा, इतपत सांगणं रास्त आहे. सीसीटीव्ही पॅसेज आणि हॉलमध्ये असावा, बाथरूममध्ये आणि कपडे बदलतात तिथे नसावा. फुटेज किती दिवस ठेवतात ते विचारा, आणि कॅमेऱ्यात बेड दिसतो म्हणून पाठीवरची जखम दिसत नाही हे लक्षात ठेवा.

हात बांधण्याचं: आधी कॅथेटर का आहे ते विचारा. डायपर बदलायचा कंटाळा हे कारण असेल तर कॅथेटरच नको, त्याने संसर्ग वाढतो आणि संसर्गाने गोंधळ वाढतो. खरंच गरज असेल तर नळी मांडीला चिकटवून पायजम्यातून आत घेतात, हाताला जाड मोजे घालतात, दुसऱ्या हाताला धरायला काहीतरी देतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मानसोपचार संस्थांनासुद्धा बांधायची मोकळीक देत नाही. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्या वेळासाठीच. मग रोज रात्रीचा शिरस्ता म्हणून साध्या होमने बांधणं कशात बसतं? मनगटांवर गोल वळ दिसतात का, तेवढं बघून या.

आधी दहा-पंधरा दिवसांचं तात्पुरतं राहणं मागा, ते देत नसतील तर का ते विचारा. दाखल करायच्या दिवशी त्यांच्या नर्ससमोर आईचं अंग डोक्यापासून टाचेपर्यंत बघा: माकडहाड, खुबे, टाचा. जिथे लाली असेल तिथे अंगठा दाबून उचला. लाली गेली नाही तर तिथे बेडसोर सुरू झालाय. जे दिसेल ते, वजनासकट, कागदावर लिहून दोघींच्या सह्या घ्या. औषधं मोजून द्या आणि यादीवर वेळ लिहा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी असेल तर ती सकाळी सगळ्यांच्या गोळ्यांच्या वाटीत जाता कामा नये.

इन्सुलिनचं पेन आणि ग्लुकोमीटर आईचं स्वतःचंच द्या, वर नाव चिकटवून. सुई बदलली तरी एक पेन दोघांना वापरायचं नसतं, काडतुसात रक्त मागे येतं. "आमच्याकडे कॉमन पेन आहे, तुम्ही आणू नका" असं कोणी म्हणालं तर बाकीचं काही विचारायची गरज उरत नाही.